इंजिनचं काम केलं, पण एटीव्ही सुरूच होत नाही: दोष शोधायचा कसा

नवा पिस्टन, नव्या रिंगा, लॅप केलेले (सीटवर घासून नीट बसवलेले) वॉल्व्ह, ताजं ऑइल. सगळं जागच्या जागी बसलं, ट्रेमध्ये एकही बोल्ट उरला नाही. आणि आता किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या तरी इंजिन ढिम्म. फार तर मधूनच एखादं फट्, की पुन्हा शांत.

अशा वेळी डोक्यात पहिल्यांदा येतात ते नवे पार्ट. सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडाला असेल, कॉइल गेली असेल, कार्ब्युरेटरच बदलून टाकू. जरा थांबा. इंजिन खोलण्याआधी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणारी चार चाकी) धूर सोडत का होईना, चालत होती ना? मग कपाटात नुसता पडून राहिलेला सीडीआय नेमका याच आठवड्यात मरेल, हे जरा अवघडच आहे. कामानंतरचा दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो, जिथे आपला हात लागलेला असतो. उलटी बसलेली वस्तू, न जोडलेली वायर, एक दात चुकलेली चेन, आत राहून गेलेली चिंधी. म्हणून शोधही आपल्याच हाताच्या मागावर घ्यायचा.

एटीव्ही आधीपासूनच बंद पडलेली होती आणि तुम्ही ती तशीच खोललीत, तर मात्र हिशेब वेगळा. तिथे एक जुना दोष आणि एक नवा, असे दोन असू शकतात. एक सापडला म्हणून दुसरा मिटत नाही.

पुढचं सगळं एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटर आणि सीडीआय असलेलं इंजिन डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. टू-स्ट्रोक आणि इंजेक्शनवाल्या गाड्यांचं जे वेगळं आहे ते नंतर येईल. आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. शेवटचा शब्द तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

## आधी किक मारणं बंद करा

टायमिंग, म्हणजे पिस्टनशी वॉल्व्हचा मेळ, चुकलेलं असेल तर प्रत्येक किकला वॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो. टायमिंग बरोबर असेल तर न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि कालपर्यंत बरं असलेलं कॉम्प्रेशन आज पडतं. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

कागद घ्या आणि काय काय खोललं होतं ते क्रमाने लिहा. हेड, कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), टेन्शनर (कॅमची चेन ताणून धरणारा), मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक), कॉइल प्लेट, कार्ब्युरेटर, वायरिंगचे कोणते कनेक्टर. हीच तुमची संशयितांची यादी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर काय झालं ते समोर लिहायचं. हे शाळकरी वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ‘प्लग बदलल्यावर फट् वाजलं होतं की टॅपेट (वॉल्व्हची गॅप) केल्यावर?’ हे कुणालाच आठवत नाही.

आता गिअर न्यूट्रलला, चाकांना अडसर, आणि प्लग बाहेर. मॅग्नेटच्या नटावर पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या द्या. दोनच का? फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमची एक फेरी होते. त्या दोन फेऱ्यांत सगळे वॉल्व्ह एकदा तरी उघडून मिटतात. मध्ये मध्ये वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा मऊ, लवचीक विरोध हाताला जाणवेल, तो ठीक आहे. पण एकाच जागी ‘टक्’ असा कोरडा, धातूवर धातू लागल्यासारखा थांबा येत असेल तर पाना खाली ठेवा. तिथे जोर लावणं म्हणजे वॉल्व्ह वाकवणं. थेट कॅम टायमिंगच्या भागाकडे जा.

फेऱ्या नीट झाल्या, तर पाच मिनिटांच्या गोष्टी आधी उरकून घ्या. किल स्विच, दोरीचा सेफ्टी स्विच असेल तर तो, न्यूट्रल आणि ब्रेकचा स्विच, पेट्रोल कॉक. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती १० व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढच्या कुठल्याच चाचणीवर विश्वास ठेवू नका. बॅटरी चार्ज करून परत या. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थची वायर जोडली आहे का, आणि तिच्या रिंगखाली ताजा रंग तर नाही ना, हेही पाहा. केसिंगला नवा रंग मारणाऱ्यांची अर्थिंगची तक्रार हमखास असते.

आणि चिंधी. कचरा आत जाऊ नये म्हणून इनटेकच्या तोंडात कोंबलेली चिंधी तिथेच राहते आणि तिच्यावर कार्ब्युरेटर बसतो. हसू नका. टॉर्च लावा आणि बघा. सायलेन्सर महिनाभर उघडा पडला असेल तर तोही.

## प्लग काय सांगतो

प्लग परत बसवा, चोक ओढा, आठ-दहा किक मारा आणि लगेच प्लग काढून टोक बघा. पुढे कुठल्या वाटेने जायचं ते इथे ठरतं.

टोक कोरडं ठणठणीत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतच नाही, किंवा इंजिन ते ओढून घेत नाही. पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे ठिणगी, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. ऑइलने चिकट असेल तर इतक्यात घाबरू नका. जोडताना सिलिंडरला आणि रिंगांना लावलेलं ऑइल सुरुवातीला प्लगवर येतंच. म्हणूनच काम झाल्यावरचा पहिला प्रयत्न जुन्या प्लगवर आणि शेवटचा नव्या प्लगवर करायचा. ओला झालेला प्लग वरून पुसून बरेचदा भागत नाही, आतली पोर्सेलीन ओलीच राहते. माझ्या मते नवा प्लग हा या सगळ्या भानगडीतला एकमेव पार्ट आहे जो डोळे मिटून आणावा.

कोरड्या प्लगवर एक झटपट चाचणी आहे. प्लगच्या भोकातून पाव चमचा पेट्रोल आत सोडा, प्लग लावा, किक मारा. दोन-तीन सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी, टायमिंग आणि कॉम्प्रेशन या तिघांचीही चाल ठीक आहे आणि दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. अर्धा शोध तिथेच संपला.

## ठिणगी

प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. दोन सावधगिऱ्या. प्लग त्याच्याच भोकाजवळ धरू नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि ती पेटते. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका, अर्थ न मिळालेल्या ठिणगीने सीडीआय किंवा कॉइल खरंच जाऊ शकते.

निळी, ‘चट्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, केसासारखी बारीक ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. अंतर कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळाला तर उत्तम. ५-६ मिलिमीटर अंतर उडी मारून जाणारी ठिणगी कामाची.

ठिणगीच नसेल तर यादीकडे वळा. कॉइल प्लेट काढली होती? तिच्या वायरी साइड कव्हरखाली चेपल्या जातात. कव्हर काढलं की वायरीवर चपटी खूण स्पष्ट दिसते, कधी इन्सुलेशन फाटून तांबं चमकत असतं. पिकअप कॉइलचे (ठिणगीचा इशारा देणाऱ्या कॉइलचे) स्क्रू सैल केले होते? तिचं मॅग्नेटच्या बाहेरच्या उंचवट्यापासूनचं अंतर अनेक इंजिनांत अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या घरात असतं. ते फार वाढलं तर किकच्या वेगाला ठिणगी पडत नाही. सीडीआयचा कनेक्टर एकदा काढून पिना बघून परत दाबा, मागे सरकलेली एक पिन पुरेशी आहे. प्लगची कॅप वायरीवरून फिरवून काढा, वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून कॅप परत फिरवून बसवा. फुकटचा उपाय आहे आणि लागू पडतो.

किल स्विचचा संशय असेल तर वायरिंगचा नकाशा बघूनच त्याची वायर वेगळी करा. काही गाड्यांत ती अर्थ झाली की ठिणगी बंद होते, काहींत ती तुटली की. उलटं समजलात तर तासभर भलत्याच गोष्टीमागे जाईल.

## मॅग्नेटची चावी, आणि एक स्ट्रॉ

ठिणगी छान, प्लग ओला, तरी इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकतंय किंवा किक उलटी पायावर येतेय? मग ठिणगी चुकीच्या वेळी पडत असण्याची शक्यता मोठी.

मॅग्नेट आणि क्रँक यांच्यामध्ये एक छोटी अर्धचंद्रासारखी चावी असते. ती मॅग्नेटला फक्त जागा दाखवते. जोर पेलतं ते क्रँकचं निमुळतं टोक. बसवताना चावी खाचेतून सरकून मॅग्नेटच्या मागे पडते, किंवा निमुळत्या भागावर ऑइल राहिल्याने, नट कमी आवळल्याने मॅग्नेट घसरतं आणि चावी कातरली जाते. बाहेरून सगळं घट्ट, पण सगळ्या खुणा खोट्या.

मॅग्नेट न काढता तपासता येतं. प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची लांब स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा. स्क्रूड्रायव्हर नको, तो अडकला तर पिस्टनवर चरा पडतो. क्रँक सावकाश फिरवा, स्ट्रॉ वर येईल, क्षणभर थांबेल, खाली जाईल. तो ‘क्षणभर’ फसवा असतो, कारण वरच्या टोकाला काही अंश क्रँक फिरला तरी पिस्टन जवळपास हलतच नाही. म्हणून स्ट्रॉवर हेडच्या पातळीला पेनाने रेघ मारा, पिस्टन वर पोचण्याच्या जरासं आधी. तेव्हा मॅग्नेटवर खडूने खूण करा. पुढे फिरवत राहा, पिस्टन वर जाऊन खाली येताना रेघ पुन्हा त्याच पातळीला आली की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये जी जागा, ते पिस्टनचं खरं वरचं टोक. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण तिथेच यायला हवी. नसेल तर मॅग्नेट पुलर लावून काढा, चावी बघा. परत बसवताना दोन्ही निमुळते भाग पेट्रोलने पुसून कोरडे करा आणि नट टॉर्क पान्याने आवळा.

## कॅम टायमिंग: इथे वेळ घालवा

कामानंतर न पेटणाऱ्या इंजिनांमध्ये मी सगळ्यात जास्त संशय इथेच घेतो, आणि याचं कारण माझीच एक चूक आहे.

मॅग्नेटवर सहसा दोन खुणा असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन वर, आणि तिच्या जरा आधी येणारी ‘एफ’ म्हणजे ठिणगीची वेळ. बघायच्या भोकातून मळकट मॅग्नेटवर मी ‘एफ’ पकडली. हेडवर कॅमच्या स्प्रॉकेटची रेघ हेडच्या काठाशी जुळवायला गेलो तर ती काही केल्या जुळेना. एका दातावर रेघ जराशी खाली, पुढच्या दातावर जराशी वर. नवीन चेन आहे, एवढा फरक असायचाच, असं स्वतःला समजावून मी जवळचा वाटला तो दात धरला. तीन दिवस किक, दोन प्लग, उसना आणलेला सीडीआय. कॉम्प्रेशन तर झकास होतं, म्हणून कॅमकडे वळलोच नाही. कॅम पुढे सरकला की इनटेक वॉल्व्ह लवकर मिटतो आणि किकवर कॉम्प्रेशन उलट चांगलंच दाखवतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. भोक चिंधीने पुसून टॉर्च तिरका धरला, तेव्हा ‘एफ’च्या पुढची ‘टी’ दिसली.

रेघ अर्धा दात वर-खाली दिसत असेल तर चेन नवी-जुनी हे कारण क्वचितच असतं. खालची खूण चुकलेली असते. ३२ दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे ११.२५ अंश, आणि क्रँकचे त्याच्या दुप्पट, २२.५. एवढ्या चुकीत इंजिन एक तर पेटत नाही किंवा पेटून भिकार चालतं.

बरोबर पद्धत अशी. ‘टी’ खूण खाचेशी आणा. चेन स्प्रॉकेटवर घालताना टेन्शनर जिकडे नाही ती बाजू आधी ताणलेली ठेवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. मग टेन्शनरच्या भोकातून बोट किंवा बोथट दांडी घालून चेनच्या पट्टीवर दाब द्या आणि आता रेघ बघा. दाब न देता जुळलेली रेघ टेन्शनर बसल्यावर अर्धा-एक दात सरकते. नंतर टेन्शनर आत ओढून, लॉक करून बसवायचा आणि बोल्ट आवळल्यावर लॉक सोडायचा. लॉक सोडायचा राहिला तर चेन ढिली राहून पहिल्याच झटक्यात दात उडी मारते. उलट, बाहेर निघालेला टेन्शनर तसाच बोल्टांनी ओढून बसवला तर चेन तारेसारखी ताणली जाते. शेवटी पान्याने दोन फेऱ्या आणि खुणा पुन्हा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘कॅम उलटा, एकशे ऐंशी अंशांनी बसला असेल’ असं सर्रास सांगितलं जातं. ज्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिकअप मॅग्नेटवर आहे, तिथे ठिणगी क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडते, एक कामाची आणि एक वाया. त्यामुळे ‘टी’वर कॅमचे उंचवटे वर असोत की खाली, दोन्ही वेळी रेघ जुळलेली असेल तर इंजिन पेटतं. फरक पडतो तो टॅपेटला.

टॅपेट कॉम्प्रेशनच्या ‘टी’वरच करायचे, म्हणजे दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या) हाताला सैल लागतात तेव्हा, आणि इंजिन थंड असताना. दुसऱ्या ‘टी’वर दोन्ही वॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे गॅप ठेवली तर खरी गॅप खूप मोठी होते आणि हेड टकटकत राहतं. बऱ्याच इंजिनांत गॅप ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. सीट ग्राइंड केली असेल किंवा वॉल्व्ह लॅप केले असतील तर वॉल्व्ह हेडमध्ये जरा खोल बसतो, त्याची दांडी वर येते आणि गॅप कमी होते. जुन्या सेटिंगवर हेड बंद केलं तर वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग कॉम्प्रेशन कुठून येणार?

## कॉम्प्रेशन

गेज प्लगच्या जागी, एक्सलरेटर पूर्ण उघडा, सहा-सात जोरदार किक. एक्सलरेटर बंद ठेवून घेतलेलं माप निरर्थक, कारण सिलिंडरला भरायला हवाच मिळत नाही.

निरोगी फोर-स्ट्रोक इंजिन साधारण १२० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतं. पण अनेक एटीव्हींच्या कॅमवर किक हलकी व्हावी म्हणून आपोआप चालणारं डिकॉम्प्रेशन (किकच्या वेळी वॉल्व्ह किंचित उघडा ठेवून दाब कमी करणारी सोय) असतं, आणि तिथे चांगलं इंजिनही शंभराच्या खाली दाखवू शकतं. मॅन्युअलमधला आकडा न बघता ‘प्रेशर नाही’ म्हणून हेड पुन्हा उघडू नका. आणि नव्या रिंगा अजून बसलेल्या नसतात, पहिल्या दिवशीचं माप थोडं कमीच येतं.

माप खरंच कमी असेल तर चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाका, दोन-चार किक मारून परत मोजा. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांतून. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. याहून स्पष्ट उत्तर हवं असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. कार्ब्युरेटरमधून सूं येत असेल तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर हेड गॅस्केट. हवा सोडण्याआधी मॅग्नेटच्या नटावरचा पाना काढून घ्या. दाबाने क्रँक गरकन फिरतो आणि पान्यासकट मनगट नेतो.

रिंगांकडे बोट गेलं तर सिलिंडर काढण्याआधी आठवा. रिंगेवरची अक्षराची खूण वर होती का? वरच्या दोन रिंगांची तोंडं एकाच रेषेत तर नाहीत? ऑइल रिंगच्या जाळीची टोकं एकमेकांवर चढली होती का? आणि पिस्टन न बसवता नुसती रिंग सिलिंडरमध्ये घालून तोंडाची गॅप फीलर गेजने मोजली होती का? ढोबळ हिशेब बोरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) प्रत्येक १०० मिलिमीटरमागे ०.४ मिलिमीटर, म्हणजे ७५च्या बोरला ०.३ च्या आसपास. सिलिंडरला होनिंग (भिंतीवर बारीक चरे पाडणं) न करता नव्या रिंगा टाकल्या असतील तर त्या गुळगुळीत भिंतीवर बसायला फार वेळ घेतात.

हेडवर संशय असेल तर ते काढून उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये केरोसीन भरा आणि पोर्टच्या बाजूने वॉल्व्हच्या कडेला बघत बसा. दहा मिनिटांत ओलसर कड दिसली तर लॅपिंग पुरेसं झालेलं नाही. थेंब टपटपत असतील तर वॉल्व्ह वाकलेला असू शकतो.

## पेट्रोल आणि हवा

इंजिनच्या कामात दोन-तीन महिने गेले असतील तर टाकीतलं पेट्रोल शिळं आहे, ते काढा. कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा. पेट्रोल धार धरून आलं पाहिजे आणि येत राहिलं पाहिजे. थोडं येऊन थांबलं तर कॉक, फिल्टर किंवा टाकीच्या झाकणाची हवा. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर त्याची बारीक नळी इनटेकला जोडायची राहून जाते. मग पेट्रोल येत नाही आणि वर त्या उघड्या तोंडातून इंजिन हवा ओढतं.

कार्ब्युरेटर उघडला होता तर पायलट जेट उजेडासमोर धरून आरपार दिसतं का बघा. ते केसाएवढं असतं आणि थंड इंजिन पेटवायला तेच लागतं. साध्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी बसली तर इंजिन एक तर सुरू होत नाही, नाही तर सुरू होताच आरपीएम चढवत सुटतं. डायफ्रॅमवाल्या कार्ब्युरेटरमध्ये बसवताना रबराची कड झाकणाखाली चिमटली जाते, तीही बघा.

इनटेकचं रबर आणि त्याखालचं पॅकिंग हवा घेत असेल तर मिश्रण पातळ होतं. इंजिन जेमतेम चालू असताना त्या सांध्यावर साबणाचं पाणी मारून बघा, आरपीएम बदलला तर तिथेच गळती आहे. पुष्कळ जण इथे ज्वालाग्राही स्प्रे मारतात. चालत्या, तापलेल्या इंजिनावर मला ते पटत नाही.

उलट बाजू पूर येण्याची. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. आधी सुई आणि ऑइल, मगच किक.

## टू-स्ट्रोक आणि इंजेक्शन

टू-स्ट्रोकला कॅम नाही, हेडमधले वॉल्व्ह नाहीत, पण खालची केसिंग हवाबंद असावी लागते. कामानंतर न पेटणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील घालताना दुमडलेली कड, बेसचं फाटकं पॅकिंग आणि रीड वॉल्व्हच्या (इनटेकमधल्या पातळ पात्यांच्या झडपेच्या) मोडक्या पाकळ्या हे तीन बघा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून हातपंपाने ६ पीएसआयच्या आसपास दाब भरा, काही मिनिटं तो टिकला पाहिजे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि रिंगांची तोंडं पिनेवर.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू आला पाहिजे. क्रँक सेन्सरचा कनेक्टर हा पहिला संशयित. काही एटीव्हींत गाडी उलटली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. तो आडवा किंवा उलटा बसवला की कंट्रोलरच्या लेखी तुमची गाडी कायमची उलटलेलीच असते.

## पेटतं, पण टिकत नाही

चोकवर चालून चोक काढताच बंद: पायलट जेट किंवा हवेची गळती. दहा-पंधरा मिनिटं चालून तापल्यावर बंद, आणि थंड झाल्याशिवाय सुरू नाही: टॅपेट फार घट्ट, किंवा तापल्यावर तुटणारी कॉइल. बंद पडल्या पडल्या ठिणगी बघितली तर दोघांत निवाडा होतो. सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील तर ठिणगी उशिरा पडतेय किंवा एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत नाही. एक मिनिट चालून जणू हळूहळू श्वास कोंडल्यासारखं मरत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा.

## पेटलं, आता पुढे

बाहेर मोकळ्यावर चालू करा, बंद शेडमध्ये नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. पहिल्या मिनिटात हेडपर्यंत ऑइल चढतंय का ते बघा. त्यासाठी बहुतेक इंजिनांत तपासणीचा बोल्ट किंवा टॅपेटचं झाकण असतं. तो बोल्ट हलकाच सैल करा. ऑइल झिरपलं नाही तर लगेच बंद करा. कोरडा कॅम फार वेळ तग धरत नाही.

तासभर एकाच आयडलवर ठेवून ‘रिंगा बसवू’ नका. त्याने रिंगा बसत नाहीत, भिंत मात्र चकाकते. इंजिन गरम झालं की हलक्या लोडवर, आरपीएम चढवत-उतरवत चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा मोजा, पहिल्या तापण्यात ते सरकतात. मॅन्युअलने सांगितलं असेल तर हेडचे बोल्टही पुन्हा टॉर्कवर घ्या.

पहिलं ऑइल लवकर काढा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरा. चंदेरी धूसर झाक असेल तर त्या नव्या रिंगा भिंतीशी ओळख करून घेताहेत. हाताला लागणारे चकचकीत तुकडे असतील तर पुन्हा पाना घ्या.